भीती वाटते म्हणजे विश्वास उणा पडला का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' असे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सांगते, मी रोज प्रार्थनाही करते, तरी मनातली भीती जात नाही. मग माझ्या विश्वासातच काही खोट आहे का? असे विचारणाऱ्याच्या डोक्यावर दोन ओझी असतात: एक मूळ संकटाचे आणि दुसरे, त्या संकटाला आपण भितो याच्या अपराधी भावनेचे. माझ्या अनुभवात दुसरे ओझेच माणसाला अधिक थकवते. कोल्हापुरातील एका भगिनीच्या संमतीने, त्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, त्यांची हकिगत येथे मांडते.

या ताई चाळिशीतल्या. घरी शिलाईकाम करतात, पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत कामाला आहेत, दोन मुले शिकत आहेत आणि घर जयंती नाल्याच्या बाजूला, सखल भागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी त्यांच्या घरात शिरले, तेव्हा राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि महामार्ग पाण्याखाली गेल्याने शहराची कोंडी झाली होती. २०२१ च्या जुलैमध्ये, कोरोनाच्या तडाख्यातून घर अजून सावरतही नव्हते, तोच पाणी पुन्हा आले. दोनदा घरातला गाळ उपसून संसार नव्याने मांडणाऱ्या या बाई मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, साहजिकच खंबीर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि तिथल्या महिला संघात साक्ष, म्हणजे देवाने कसे सांभाळले याचा अनुभव, द्यायची वेळ आली की त्यांनाच उभे केले जाऊ लागले. "सगळी म्हणत्यात, तुमचा विश्वास दांडगा हाय," त्या मला म्हणाल्या, "आणि मी रात्री दोनला उठून मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी बघत बसते, मॅडम. हे कुणाला सांगायचं?"

त्या आल्या तेव्हा पावसाळा होता आणि फौंड्रीतल्या ऑर्डरी घटल्याने पतीचा ओव्हरटाइमही बंद झाला होता. बोलताना त्यांनी मोबाईल टेबलावर, पडदा वर करून ठेवला होता आणि एखादे वाक्य अर्धवट सोडून त्या पडद्यावर बोट फिरवीत होत्या. पातळी होती ३४ फूट २ इंच. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असते. म्हणजे त्या दिवशी घाबरण्यासारखे काहीच नव्हते आणि हे त्यांनाही पुरते ठाऊक होते. जून लागला की गव्हाचा डबा, शिलाई मशीनचे डोके आणि मुलांचे दाखले माळ्यावर जात, ते दिवाळीच्या तोंडावर खाली येत. झोप तुटक झाली होती, जेवणावर वासना नव्हती, आणि प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत म्हणून त्या प्रार्थनाही टाळू लागल्या होत्या. देवाशी खोटे बोलल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते.

वारंवार पातळी पाहण्याची सवय वरवर सावधगिरीची वाटली, तरी तीच भीतीला खतपाणी घालते. आकडा पाहिला की काही मिनिटे जीव भांड्यात पडतो. त्या सुटकेवरून मन असा धडा घेते की आपण पाहिले म्हणूनच निभावले, आणि पुढच्या वेळी न पाहता राहणे अधिकच अवघड होते. म्हणून आम्ही आधी एवढेच ठरवले की पातळी दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, प्रशासनाच्या अधिकृत माहितीवरूनच पाहायची. मधल्या वेळात कोणी व्हॉट्सॲपवर राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी टाकली, तरी ती थोरल्या मुलाने वाचावी आणि खरेच गरज असेल तर आईला सांगावी. पातळी ३९ फुटांवर गेल्यास कोणी काय उचलायचे आणि कुठे जायचे, हे त्यांनी पतीसमवेत बसून कागदावर लिहिले. माळ्यावरच्या वस्तूंपैकी दाखले तेवढे प्लास्टिकच्या पिशवीत वरच राहिले. गव्हाचा डबा मात्र खाली आला.

झोपेविषयी त्यांना अपराधी वाटत होते, कारण जागरण करून प्रार्थना करावी असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांना मी बायबलमधील '१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातल्या एलीयाची आठवण दिली. जीव मुठीत धरून पळालेला, मरण मागणारा हा संदेष्टा झुडपाखाली झोपी जातो, तेव्हा देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी असते. तो खातो, पुन्हा झोपतो, आणि त्याला पुन्हा खाऊ घातले जाते. देवाशी त्याचे बोलणे होते ते यानंतर.

पण मुख्य प्रश्न आनंदाचा होता. ताईंना बायबलमधली स्तोत्रे २३, ९१ आणि १२१ तोंडपाठ होती. स्तोत्र ६९ त्यांनी कधी लक्षपूर्वक वाचलेले नव्हते. पाणी गळ्याशी आले आहे, पाय टेकायला जागा नाही अशा खोल चिखलात मी रुतलो आहे, हाका मारून माझा घसा सुकला आहे, अशी त्या स्तोत्राची सुरुवात आहे. ते त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचले आणि तिसऱ्या ओवीवर थांबून म्हणाल्या, "हे तर आमच्याच गल्लीतल्या माणसानं लिहिलंय की!" त्याच स्तोत्रात पुढे देवाची स्तुती गाण्याचा निश्चयही आहे, पण त्यासाठी स्तोत्रकर्त्याने आधीची तक्रार खोडलेली नाही. पूरग्रस्ताला 'देवाची इच्छा' म्हणून घाईघाईने गप्प बसवणाऱ्यांनी हे स्तोत्र एकदा वाचावे आणि जमल्यास एखाद्या घरातला गाळही उपसून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर आम्ही 'सर्वदा आनंद करा' हे वाक्य ज्या पत्रात आहे, ते फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र सबंध वाचले. चारच अध्याय आहेत. तासाभरात निवांत वाचून होतात. येशूचा प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो हे ताईंना माहीत होते, आणि नेमके तेच त्यांना टोचत असे: तो तुरुंगात आनंदी, मी स्वतःच्या घरात रडते. मात्र त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आपल्या सोबत्याविषयी, एपफ्रदीताविषयी लिहितो, तो भाग त्यांच्या नजरेतून सुटला होता. एपफ्रदीत मरता मरता वाचला. देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल मोकळेपणाने सांगतो, आणि त्याला परत पाठवल्याने माझेही दुःख हलके होईल अशी पुस्ती जोडतो. म्हणजे आनंद करा असे सांगणारा माणूस स्वतः दुःखी आहे, काळजीतही आहे, आणि ते तो मंडळीपासून लपवीत नाही.

चौथ्या अध्यायात तर याहून महत्त्वाचे काही आहे. तुम्ही माझी पुन्हा काळजी घेऊ लागलात म्हणून मला प्रभूमध्ये फार आनंद झाला, असे पौल लिहितो आणि माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगले केलेत, असेही म्हणतो. त्याची अडचण कोणाला कळलीच नसती, तर हा आनंद त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला असता? ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की, २०२१ नंतर मंडळीत कोणी 'कसं काय?' असे विचारले की 'प्रभूच्या कृपेनं छान' याखेरीज दुसरे उत्तर त्यांनी दिलेले नाही. फौंड्रीतली ओढाताण तर त्यांच्या सख्ख्या जावेलाही ठाऊक नव्हती.

विश्वासाने भीती नाहीशी होते, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे शिष्यांना सांगितले आणि जागे राहून सोबत करा अशी त्यांना विनंती केली. पवित्र शास्त्रातला आनंद एकट्याने आतल्या आत निर्माण करायची भावना नाही, एवढेच माझे म्हणणे होते. तो देवासमोर खरे बोलण्यातून आणि माणसांची सोबत स्वीकारण्यातून येतो, आणि बहुधा भीती शेजारी बसलेली असतानाच येतो. रोज रात्री वहीत देवाला उद्देशून आपली तक्रार जशीच्या तशी लिहावी आणि महिला संघातल्या ज्यांच्यावर भरवसा आहे अशा दोन-तीन जणींना घरची खरी परिस्थिती सांगावी, असे ठरले. दुसरी गोष्ट त्यांना जड गेली. साक्ष देणारीच रडू लागली तर इतरांनी कुणाकडे बघायचे, ही त्यांची शंका खरी होती. मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांशी त्या स्वतः बोलल्या आणि काही महिने साक्षीसाठी माझे नाव घेऊ नका, असे त्यांनी सांगितले. पाळकसाहेबांनी ते समजून घेतले.

ज्या मैत्रिणीला त्यांनी प्रथम सांगितले, ती राजारामपुरीत, उंचावर राहणारी. तिने आधी रागच काढला: "एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं नाही होय?" मग आपली वरची खोली पावसाळ्यापुरती मोकळी करून ठेवली आणि ओळखीच्या दुकानातून शाळेच्या गणवेशांचे शिलाईकाम मिळवून दिले. ताई हे सांगताना हसत होत्या. मी त्यांना मनापासून हसताना पहिल्यांदा पाहत होते.

सगळ्यांचे एवढ्यावर भागत नाही, हेही नोंदवले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, छातीत धडधडून श्वास कोंडत असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. औषध घेण्याने विश्वासाला उणेपणा येत नाही. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही बोलता येते.

ताईंची भीती अजून आहे. पाऊस लागून राहिला की पोटात गोळा येतो, असे त्या सांगतात. पुढच्या जुलैत पातळीने इशारा पातळी ओलांडली, तेव्हा त्या मुलांना घेऊन राजारामपुरीत गेल्या, चार दिवस राहिल्या आणि पाणी दारात न येताच परतल्या. महिला संघाने आता मे महिन्यातच एक यादी करायला घेतली आहे: कोणाचे घर सखल भागात आहे, कोणाकडे वरची खोली आहे आणि ३९ फुटांना कोण कोणाकडे जायचे. यादी लिहिण्याचे काम ताईंकडे आहे, आणि तिच्यात पहिले नाव त्यांनी स्वतःचे घातले आहे.