हरलेले खासदार आणि नेपोलियनचा कायदा : मॉरिशसविषयी वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर 2024 मध्ये मॉरिशसमध्ये सत्तापालट झाला. विरोधी आघाडीने थेट निवडणुकीच्या 62 जागांपैकी 60 जागा जिंकल्या. त्यानंतर या देशाच्या कारभाराविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. एकाच गोष्टीबद्दल विचारणारी पत्रे आम्ही एकत्र केली आहेत.

प्रश्न : एखादा पक्ष जवळजवळ सगळ्या जागा घेऊन जातो, तेव्हा निवडणुकीत काहीतरी गडबड असावी असे वाटते. तिथे नेमके मतदान होते कसे?

गडबड नाही, गणित आहे. मुख्य बेटाचे 20 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून 3 खासदार निवडले जातात. रॉड्रिग्ज बेट हा एकविसावा मतदारसंघ, त्याचे 2. म्हणून एकूण 62. मतदाराला एकच मतपत्रिका मिळते आणि तिच्यावर त्याने तीन उमेदवारांपुढे फुल्या मारायच्या असतात (रॉड्रिग्जमध्ये दोन). कमी चालत नाहीत आणि जास्तही चालत नाहीत. आवडीच्या एकाच उमेदवाराला मत देऊन बाकी जागा कोऱ्या सोडल्या तर ती मतपत्रिका बाद ठरते. हा नियम थेट राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कुठल्या परिपत्रकात नाही.

परिणाम उघड आहे. मतदार बहुधा आघाडीच्या तिघांनाही मत देतो, कारण तीन फुल्या मारणे सक्तीचेच आहे. एखाद्या मतदारसंघात आघाडी पाच टक्क्यांनी पुढे असली तरी तिन्ही जागा तिच्याकडे जातात. देशभर वारा एकाच दिशेने वाहिला की झाडून सगळे जिंकतात. 2024 मध्ये विजयी आघाडीला साठ टक्क्यांहून थोडी जास्त मते होती आणि मुख्य बेटावरच्या जागा मात्र शंभर टक्के. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. 1982 आणि 1995 मध्येही मुख्य बेटावर निकाल 60 विरुद्ध 0 असाच लागला होता. दर वेळी रॉड्रिग्जच्या दोन जागा तिथल्या स्थानिक पक्षाला गेल्या.

मतदारसंघही सारखे नाहीत. काहींची मतदारसंख्या इतरांच्या दुपटीहून अधिक आहे, तरी जागा तीनच. सीमा तपासणारा आयोग दर दहा वर्षांनी अहवाल देतो. तो अहवाल असेंब्लीने (तिथल्या संसदेने) जसाच्या तसा मंजूर करायचा किंवा फेटाळायचा असतो, त्यात फेरफार करता येत नाहीत. सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीने सीमा हलवू नयेत, यासाठी ही तरतूद आहे. फेटाळण्याची वाट मात्र मोकळी राहते, ही आमच्या मते त्यातली पळवाट.

प्रश्न : हरलेल्या उमेदवारांनाही तिथे खासदार करतात म्हणे. हे खरे आहे का, आणि ते कुणाला करायचे हे कोण ठरवते?

खरे आहे. या पद्धतीला ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. 62 निवडून आल्यावर निवडणूक पर्यवेक्षण आयोग पराभूतांमधून जास्तीत जास्त 8 जण आणखी नेमतो, म्हणजे सभागृह कमाल 70 चे. ‘नेमतो’ म्हटले तरी आयोगाला स्वतःचा निवाडा काही चालवायचा नसतो, हिशेब करायचा असतो. तो असा :

अर्ज भरताना उमेदवार आपला समाज जाहीर करतो. घटनेत चार समाज आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. या चौथ्यात पहिल्या तिघांत न बसणारे सगळे येतात, म्हणजे मुख्यतः क्रिओल (आफ्रिकी गुलामांचे वंशज) आणि फ्रेंच वंशाचे लोक. आता प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्या आणि तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या खासदारांची संख्या अधिक एक, याने भागा. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्या समाजाला पहिली जागा. ती भरली की त्या समाजाचा एक खासदार वाढला असे धरून पुन्हा भागाकार. अशा पहिल्या चार जागा.

सोपे, कल्पित आकडे घेऊन पाहू. समाज ‘अ’ : 4,00,000 लोक, 38 खासदार. ‘ब’ : 1,40,000 आणि 8. ‘क’ : 25,000 आणि 1. ‘ड’ : 2,40,000 आणि 15. भागाकार अनुक्रमे 10,256, 15,556, 12,500 आणि 15,000. पहिली जागा ‘ब’ला. आता ‘ब’चे 9 झाले, नवा भागाकार 14,000. दुसरी जागा ‘ड’ला (15,000). त्यानंतर ‘ड’चा भागाकार 14,118, म्हणजे तिसरीही ‘ड’लाच. मग तो 13,333 वर येतो आणि चौथी 14,000 वाल्या ‘ब’कडे जाते.

समाज ठरला, पण माणूस कोण? त्या समाजाचा, कुठल्या तरी पक्षाचा असलेला आणि आपल्या मतदारसंघात सर्वाधिक टक्के मते मिळवूनही पडलेला उमेदवार. मतांचा आकडा नव्हे तर टक्केवारी पाहतात, कारण मतदारसंघ लहानमोठे आहेत. अपक्षाने कितीही मते घेतली तरी तो या हिशेबात येत नाही.

उरलेल्या चार जागा पक्षांचा तोल सावरण्यासाठी आहेत. पहिल्या चारपैकी समजा तीन विरोधकांना गेल्या, तर तेवढ्याच तीन जागा सर्वांत मोठ्या पक्षाच्या पडलेल्या उमेदवारांना देतात. मतपेटीने दिलेले बहुमत समाजाच्या हिशेबाने हलू नये, हा हेतू. पण 60 विरुद्ध 0 निकाल लागला तर विजयी आघाडीचा मुख्य बेटावर पडलेला उमेदवारच उरत नाही. मग या जागा भरायच्या कुणाला घेऊन? म्हणूनच अशा वेळी सभागृह 70 चे न होता 66 वर थांबते.

आता यातली खरी अडचण. भागाकारात वापरली जाणारी लोकसंख्या 1972 च्या जनगणनेची आहे. त्यानंतरच्या जनगणनांत समाजाची नोंदच होत नाही, त्यामुळे अर्ध्या शतकापूर्वीचे आकडे आजही चालतात. नवी मोजणी करा म्हटले की समाजासमाजात चुरस पेटेल ही धास्ती, आणि पद्धत काढून टाका म्हटले की अल्पसंख्याकांची धास्ती. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने स्पष्ट सांगितले, की अद्ययावत आकडे नसताना उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणे हा त्याच्या राजकीय हक्कांचा भंग आहे. त्यावर 2014 मध्ये तात्पुरती घटनादुरुस्ती झाली आणि त्या एका निवडणुकीपुरती घोषणा ऐच्छिक केली गेली. 2019 मध्ये जुना नियम परत आला.

प्रश्न : मुळात हे समाजवार गणित घटनेत आले कसे?

स्वातंत्र्याच्या वाटाघाटीतून. 1834 मध्ये ‘अॅटलस’ जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर आले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. काही दशकांत बेटाची लोकसंख्याच बदलली. मताधिकार मात्र मालमत्तेला बांधलेला राहिला. 1948 मध्ये वाचता-लिहिता येणाऱ्यांना मत मिळाले आणि 1959 मध्ये सर्व प्रौढांना. आता बहुसंख्य हिंदू आपल्याला गिळतील, ही भीती मुस्लिम, क्रिओल आणि फ्रेंच वंशाच्या लोकांना वाटू लागली.

1965 मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये स्वातंत्र्याविषयी परिषद झाली. पुढच्या वर्षी निवडणूक पद्धतीसाठी नेमलेल्या बॅनवेल आयोगाने अल्पसंख्याकांसाठी सुचवलेल्या योजनेवर मॉरिशसचा मजूर पक्ष भडकला. मग ब्रिटिश उपमंत्री जॉन स्टोनहाउस स्वतः बेटावर गेला आणि त्याने जी तडजोड घडवली तीच आजची आठ जागांची पद्धत. 1967 च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांच्या स्वातंत्र्यवादी आघाडीला 39 जागा मिळाल्या आणि ब्रिटनशी संलग्न राहू इच्छिणाऱ्या गाएतां द्युव्हाल यांच्या पक्षाला 23. म्हणजे सुमारे 44 टक्के मतदार स्वातंत्र्याच्या विरोधात होते. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगल झाली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, 12 मार्च 1968 रोजी, झेंडा बदलला. 1930 साली याच तारखेला दांडीयात्रा निघाली होती, म्हणून तो दिवस निवडला गेला.

घटनेतल्या प्रत्येक विचित्र कलमामागे असा एखादा सौदा सापडतो. ते कलम अतार्किक आहे म्हणून हिणवणे सोपे, पण ते काढताना तो सौदाही मोडतो.

प्रश्न : कोकणातून गेलेल्या मराठी लोकांसाठी तिथे वेगळी जागा आहे का?

नाही. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरीकडचे लोक बरेच होते आणि त्यांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळखले जातात. पण बेस्ट लूझरच्या हिशेबात मराठी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी घराण्यांतले हिंदू एकाच ‘हिंदू’ रकान्यात जातात. भाषिक ओळख राजकारणात चालते, ती पक्षांच्या तिकीटवाटपातून. संस्कृतीच्या पातळीवर मात्र मान्यता आहे : गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी आहे आणि प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय घेता येतो.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षांना काही अधिकार आहेत की ते शोभेचे?

12 मार्च 1992 रोजी देश प्रजासत्ताक झाला. शेवटचे गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. निवड असेंब्ली करते, तीही पंतप्रधानांच्या प्रस्तावावर, साध्या बहुमताने, पाच वर्षांसाठी. त्यामुळे पंतप्रधानाला नको असलेला माणूस तिथे पोचतच नाही.

वित्त विधेयक आणि घटनादुरुस्ती सोडून बाकी विधेयक ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. सभागृहाने ते पुन्हा मंजूर केले की सही करणे बंधनकारक. मग पटतच नसेल तर? फेब्रुवारी 2002 मध्ये दहशतवादविरोधी विधेयकावर राष्ट्राध्यक्ष कासम उतीम यांनी सही न करता राजीनामा दिला. उपराष्ट्राध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांनीही तेच केले. शेवटी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून सरन्यायाधीशांनी सही केली आणि कायदा लागू झाला.

प्रश्न : ब्रिटिशांची वसाहत असून तिथे फ्रेंच कायदा कसा?

डच 1598 मध्ये आले आणि 1710 मध्ये कायमचे निघून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला. डिसेंबर 1810 मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकले, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रूढी जपण्याचे वचन दिले. ते पाळले गेले. म्हणून लग्न, करार, जमीन आणि वारसा हे नेपोलियनच्या दिवाणी संहितेवर चालतात, तर पुरावा, न्यायालयाची कार्यपद्धती आणि प्रशासकीय कायदा इंग्रजी वळणाचा.

व्यवहारात याचा अर्थ काय? मृत्युपत्र करणाऱ्याला सगळी संपत्ती मनासारखी वाटता येत नाही. एक अपत्य असेल तर निम्मी, दोन असतील तर एक तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर एक चतुर्थांशच त्याच्या मर्जीने देता येते. बाकी हिस्सा मुलांचा राखीव. इंग्रजी पद्धतीचे मृत्युपत्र करून तिथे मालमत्ता सोडणारे इथेच अडकतात.

न्यायालयाची भाषा इंग्रजी, वृत्तपत्रे बहुतांशी फ्रेंच आणि घरातली बोली क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली भाषा). घटनेच्या 49 व्या कलमाप्रमाणे असेंब्लीची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, पण सदस्य सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलू शकतो. शेवटचे अपील मात्र आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे (अपिले ऐकणाऱ्या ब्रिटिश न्यायिक समितीकडे) जाते.

प्रश्न : सत्ता दोनच घराण्यांत फिरते का?

जवळजवळ. 1968 पासून पंतप्रधान झाले पाचच जण : शिवसागर रामगुलाम आणि त्यांचा मुलगा नवीन, अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचा मुलगा प्रविंद, आणि पॉल बेरांजे. बेरांजे यांना पद मिळाले ते 2000 मधल्या करारामुळे : पहिली तीन वर्षे अनिरुद्ध जगन्नाथ, शेवटची दोन बेरांजे. जानेवारी 2017 मध्ये तर अनिरुद्ध जगन्नाथ यांनी राजीनामा दिला आणि मुलगा प्रविंद यांनी निवडणुकीविना पद घेतले. घटनेला ते चालते, कारण सभागृहाचा पाठिंबा असला की पुरे.

प्रश्न : चागोस बेटे मॉरिशसला परत मिळाली का?

‘मिळाली’ म्हणायची घाई नको. 8 नोव्हेंबर 1965 रोजी, स्वातंत्र्याआधी, ब्रिटनने हिंदी महासागरातली ही बेटे मॉरिशसपासून तोडून वेगळा प्रदेश केला आणि 30 लाख पौंड दिले. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी लष्करी तळ उभारण्यासाठी पुढे 1973 पर्यंत तिथल्या रहिवाशांना हलवण्यात आले. 25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागारी मत दिले, की ही फाळणी बेकायदा होती. सल्लागारी असल्यामुळे ते बंधनकारक नव्हते, पण त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 विरुद्ध 6 मतांनी त्याला दुजोरा मिळाला.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस या दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सियाचा ताबा मात्र 99 वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे आणि भाडे सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड दरसाल. सही म्हणजे हस्तांतर नव्हे : दोन्ही देशांनी आपापली अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करून एकमेकांना कळवल्यावरच करार लागू होतो. आणि लागू झाल्यावरही पुनर्वसनाची मुभा बाकीच्या बेटांवर आहे, दिएगो गार्सियावर नाही.