वरच्या आहारात भाजीचे केळे

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच सहा महिन्यांची झाली आहे. तिला साधे पिकलेले केळे कुस्करून द्यावे असे सगळेच सांगतात. परंतु भाजीचे केळे शिजवून दिले तर चालेल का? ते जड असते आणि त्याने बद्धकोष्ठ होते, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. द्यायचे झाल्यास हिरवे द्यावे की पिकलेले, आणि एका वेळचे जेवण त्यावर भागेल का?

उत्तर : केळे द्यायला हरकत नाही, मात्र त्यावर जेवण भागणार नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने वरचा आहार सुरू करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळ मान सावरत असेल, आधाराने बसत असेल आणि तोंडात घातलेला घास जिभेने बाहेर ढकलत नसेल, तर पहिल्या काही पदार्थांत भाजीचे केळेही घेता येईल.

सासूबाईंची शंका निराधार नाही. हिरव्या केळ्यात जवळजवळ सगळे पिष्टच असते आणि त्यातला काही भाग लहान आतड्यात न पचता तसाच मोठ्या आतड्यात जातो. केळे पिकू लागले की या पिष्टाची साखर होत जाते. म्हणून सुरुवात साल पिवळी पडून तिच्यावर काळे डाग आलेल्या केळ्याने करावी, आणि असे पिकलेले केळेही बाळासाठी शिजवूनच घ्यावे. शौच घट्ट होऊ लागल्यास हिरवे केळे काही दिवस बंद ठेवावे. बांगलादेशात रेंगाळलेल्या अतिसारावर शिजवलेले हिरवे केळे देऊन पाहिले गेले, आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचे जुलाब कमी झाल्याचे आढळले. परंतु म्हणून जुलाब लागलेल्या बाळाला क्षार-संजीवनीऐवजी केळे देऊ नये.

केळे सालीसकट उकडणे सोयीचे. दोन्ही टोके कापून कंगोऱ्यावर उभी चीर द्यावी, म्हणजे उकडल्यावर साल अंगठ्याने सहज सुटते. हिरवे केळे सोलायचे असेल तर हाताला थोडे तेल लावावे, कारण सालीच्या चिकाचे काळे डाग लवकर निघत नाहीत. गर गरम असतानाच काट्याने कुस्करून गाळणीतून काढावा. मिक्सरमध्ये तो बहुधा खळीसारखा चिकट होतो, आणि असा घास बाळाला गिळायला कठीण जातो. गार होताना तो आणखी आळतो, तेव्हा भरवण्याच्या वेळी आईचे दूध, बाळाचे नेहमीचे फॉर्म्युला दूध किंवा उकळून कोमट केलेले पाणी घालून तो चमच्यावरून हळू ओघळेल इतका सैल करावा. मीठ आणि साखर घालू नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये.

पहिल्या दिवशी एक-दोन चमचे पुरेत. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा वरचे अन्न द्यावे आणि प्रत्येक वेळचे प्रमाण हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे.

आता जेवण भागण्याविषयी, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. केळ्यातून उष्मांक, पोटॅशियम आणि थोडे क जीवनसत्त्व मिळते. लोह मात्र फारच कमी, आणि प्रथिने नावापुरती. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास सरत आलेला असतो, आणि नेमके त्याच वेळी गोडसर केळ्याने पोट भरले की बाळ समाधानी दिसते व घरचेही निश्चिंत होतात. त्यामुळे केळ्यासोबत घट्ट शिजवलेली डाळ, पूर्ण शिजलेले अंडे किंवा बारीक केलेले मांस यांपैकी काहीतरी रोज असावे.

प्रश्न : केळे खाल्ल्यावर बाळाच्या शौचात बारीक काळे धागे दिसले. हे जंत असतील का?

उत्तर : बहुधा नाहीत. केळ्याच्या मधल्या भागातले तंतू न पचता बाहेर पडले की असेच दिसतात आणि केळे थांबवल्यावर एक-दोन दिवसांत नाहीसे होतात. ते हलताना दिसले, शौचात रक्त असले किंवा संपूर्ण शौचच डांबरासारखे काळे झाले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. तसेच केळे खाल्ल्यानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा वारंवार उलट्या झाल्या, तर ते पुन्हा देऊन पाहू नये. लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि श्वास लागत असल्यास थेट रुग्णालय गाठावे.