बास्केटबॉलपटू झायन विल्यमसनने अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ एकाच वर्षात का सोडलं?
कारण एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचा पहिला क्रमांक जवळपास ठरलेला होता. अजून एक वर्ष थांबून मिळण्यासारखं काही नव्हतं, गमावण्यासारखं मात्र खूप होतं. २० फेब्रुवारी २०१९ ला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याच्या पहिल्याच मिनिटात त्याचा बूट फाटला, गुडघा मुरगळला. असं दुखणं बळावलं असतं तर हातात राहिली असती फक्त शिष्यवृत्ती, कारण तेव्हा कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतूनही कमावता येत नसे. एनबीएत पहिल्या फेरीत निवड झाली की निदान दोन वर्षांचा पगार पक्का. जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संघाने त्याला पहिला निवडला, आणि माझ्या मते निर्णय अगदी योग्य होता. पण हे गणित आज सगळ्यांना लागू नाही: जुलै २०२१ पासून कॉलेजात राहूनही जाहिरातींत स्वतःचं नाव वापरू देऊन पैसे मिळवता येतात, त्यामुळे पहिल्या फेरीची खात्री नसलेल्याने घाई करू नये.