मुंबईतील रुग्णालयाने जुने केसपेपर किती वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे?

आपल्या आईच्या चार वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद दादरच्या नर्सिंग होमकडे अजून असतील का, असे आपण विचारले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे सांभाळणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही किमान मुदत आहे, त्यामुळे तीन वर्षे उलटली म्हणजे कागद नष्ट झालेच असे समजू नका आणि अर्ज अवश्य करा. रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. रुग्णाला केसपेपर मिळायलाच हवेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे.

काही नोंदींची मुदत वेगळी आहे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील नोंदी दोन वर्षे, आणि खटला चालू असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत ठेवाव्या लागतात.

अर्ज तोंडी करू नका. माझ्या वडिलांच्या वेळी काउंटरवरून आठवडाभर ‘उद्या या’ एवढेच ऐकायला मिळाले. शेवटी नाव, दाखल झाल्याची तारीख आणि डिस्चार्ज कार्डावरचा आयपीडी क्रमांक लिहून दोन प्रतींत अर्ज दिला व एका प्रतीवर शिक्का घेतला, तेव्हा तिसऱ्या दिवशी नर्सिंग नोट्ससह संपूर्ण फाइलची झेरॉक्स हातात पडली. आईची सही असलेले अधिकारपत्र आणि तिच्या आधार कार्डाची प्रत सोबत जोडा.