पिन लावताना चटका बसला आणि तेव्हापासून कॉम्प्युटरच्या स्पीकरला आवाज नाही. स्पीकर गेले का?

बहुधा नाही. नवे स्पीकर लगेच आणू नका. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये पिन घालताना बोटातून ठिणगी उडाली, आवाज गेला आणि कॉम्प्युटर मात्र नीट चालतोय, असं तुम्ही लिहिलं आहे. अंगावरच्या स्टॅटिकचा चटका जाणवतो तेव्हा व्होल्टेज हजारांत असतं, पण ऊर्जा फार तर काही मिलीज्यूल. स्पीकरची कॉइल जाळायला ती पुरत नाही. मदरबोर्डवरच्या साउंड चिपचं डोकं फिरवायला मात्र ती भरपूर झाली.

अशा झटक्याने चिपच्या आत एखादी नको ती वाट उघडते आणि वीज मिळत असेपर्यंत उघडीच राहते. नुसतं शट डाउन करून भागत नाही, कारण प्लग लावलेला असला की एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच राहतो. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर ड्रायव्हरची (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुनी अवस्थाच पुन्हा उचलली जाते.

म्हणून आधी हे करा: शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा. मग भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करून कॅबिनेटची पॉवर केबल उपटा (यूपीएस असेल तर त्याच्यातूनही). स्पीकर, हेडफोन, यूएसबीला लावलेलं सगळं काढा. आता कॅबिनेटचं पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून ठेवा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज संपेल. दहा मिनिटं तसंच राहू द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, बॅटरी निघत असल्यास तीही काढून, बटण ३० सेकंद दाबा. नंतर कॉम्प्युटर सुरू करून स्पीकरची पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. बऱ्याचदा गोष्ट इथेच मिटते.

नाही मिटली, तर बिघाड कोणत्या बाजूला आहे ते आधी ठरवा. स्पीकरची पिन मोबाइलला लावा. मोबाइलला जॅक नसेल तर स्पीकर चालू ठेवून, आवाज अर्ध्यावर आणून, पिनच्या टोकाला बोट लावा. आधी एखाद्या धातूला हात लावून अंगातला चार्ज मात्र घालवा. घूंऽ असा आवाज आला तर स्पीकरचा अँप्लिफायर जिवंत आहे. काहीच आलं नाही तर स्पीकरचा अडॅप्टर, फ्यूज आणि वायर तपासा. स्पीकर यूएसबीवर चालणारे असतील तर दुसऱ्या पोर्टला लावा, झटक्याने एखादाच पोर्ट गेलेला असू शकतो. वीज चालू असताना स्पीकरचा डबा उघडू नका.

स्पीकर ठीक निघाले तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड, मोअर साउंड सेटिंग्ज असं जाऊन प्लेबॅकची यादी उघडा आणि गाणं लावा. स्पीकरच्या नावासमोरची हिरवी पट्टी वरखाली होते का, ते बघा. पट्टी हलतेय पण आवाज नाही, म्हणजे विंडोज आपलं काम करतंय आणि अडचण चिपच्या पुढे, जॅकपर्यंतच्या वाटेत आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही. पट्टी दुसऱ्याच नावासमोर, समजा एचडीएमआय मॉनिटरसमोर हलत असेल, तर फक्त आउटपुट बदला. आणि यादीतून ऑडिओ डिव्हाइसच गायब असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) ऑनबोर्ड ऑडिओ, म्हणजे मदरबोर्डवरची साउंड चिप, चालू आहे का ते पाहा. तिथे चालू दिसत असूनही विंडोजला आणि पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या उबुंटूलाही (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) तो सापडत नसेल, तर चिप गेली असं धरून चालायला हरकत नाही.

एक बिघाड हमखास चकवतो. झटका पुढच्या जॅकवर बसला की तिथे हेडफोन लावलेला आहे असा सिस्टिमचा समज होऊन बसतो आणि ती मागचा जॅक गप्प करते. वरवर सगळं मेल्यासारखं दिसतं. साउंड चिप रियलटेक कंपनीची असेल तर तिच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या पॅनेलची जॅक ओळख बंद करण्याची खूण असते, ती लावा. ती सापडली नाही तर प्लग काढून कॅबिनेट उघडा आणि पुढच्या पॅनेलकडून येणारा, ‘एचडी ऑडिओ’ लिहिलेला ९ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून ओढून काढा. मागून आवाज सुरू झाला तर पुढचा जॅक विसरा.

फक्त डावा किंवा उजवा आवाज गेला असेल, तर दुसरी केबल लावून पाहा. तरी तोच गप्प असेल, तर चिपचा तेवढाच आउटपुट गेलेला असू शकतो. मल्टिमीटर असेल तर पूर्ण आवाजात १०० हर्ट्झचा टोन वाजवा आणि एसी व्होल्टवर, जॅकला लावलेल्या केबलच्या दुसऱ्या, मोकळ्या पिनचं टोक व बूड यांच्यामध्ये डावा, मधली कडी व बूड यांच्यामध्ये उजवा चॅनेल मोजा. चांगला चॅनेल १ व्होल्टच्या आसपास दाखवतो, मेलेला शून्याजवळ. १ किलोहर्ट्झचा टोन नको, स्वस्त मीटर तिथे चुकीचं दाखवतात.

चिप गेलीच असेल तर दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणेल. ऐकू नका. काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावा, बायोसमधून ऑनबोर्ड ऑडिओ बंद करा, काम झालं. बारीक पायांची ती चिप गरम हवेने काढून नवी बसवता येते, पण मजुरीच त्यापेक्षा जास्त होईल.

आता चटका कसला होता, तेही बघा. थंडीच्या कोरड्या हवेत, लोकरी किंवा पॉलिस्टर कपडे घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठल्यावर एकदाच चट्‌ झालं, तर ते स्टॅटिक. पिन लावण्याआधी कॅबिनेटच्या मागच्या, रंग नसलेल्या स्क्रूला हात लावायची सवय ठेवा. पण कॅबिनेटला हात लावला की दर वेळी झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे अशा कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तरंगत असतं. करंट अगदी कमी, पण टेस्टरचा दिवा पेटतो आणि पिन लावताना जॅक बिघडवायला ते पुरतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर आधी काढून टाका. मग वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको.