वहीत न लिहिलेला खर्च

“इतरांचं भागतं, मग आमचंच का भागत नाही?” बेताचे उत्पन्न असलेल्या आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कानावर पडताच माझे लक्ष आधी त्यातल्या ‘इतरांचं’ या शब्दाकडे जाते. या प्रश्नात हिशेब अर्धाच असतो. उरलेल्या अर्ध्यात आपण संसाराला कमी पडलो, अशी कबुली दडलेली असते. अलीकडे हीच चिंता घेऊन लागोपाठ अनेक जोडपी आली, म्हणून त्यांपैकी एका जोडप्याचा अनुभव इथे मांडते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि सात भेटींमधले बोलणे मोजक्या प्रसंगांत आणले आहे.

पती खासगी नोकरीत होते, पत्नी अर्धवेळ काम करत होत्या. त्यांना दोन मुले, त्यांतली मोठी मुलगी नऊ वर्षांची. माझ्याकडे येण्याचे निमित्त मात्र पैशांचे नव्हते. मुलीच्या दप्तराच्या तळाशी, चार घड्या घातलेला सहलीच्या परवानगीचा कागद आईला सापडला होता, आणि तोवर सहल जाऊन आठवडा उलटला होता. विचारल्यावर मुलगी म्हणाली, “तुम्ही पुन्हा भांडाल, म्हणून नाही दाखवला.” पहिल्या भेटीत त्यांनी तो कागद पर्समधून काढून टेबलावर उलगडला, तेव्हा तो घड्यांवर फाटायला आला होता.

भांडण कशावरून होते, असे मी विचारले. पतींनी उत्तरादाखल खिशातून एक लहान वही काढली. तिच्यात चार वर्षांचा हिशेब सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेले होते, ‘गरजेचे’ आणि ‘वायफळ’. रंगपेटी, मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट, पावसात भिजू नये म्हणून केलेला वाहनाचा खर्च, हे सारे दुसऱ्या रकान्यात होते.

“हे पै न पै लिहितात आणि महिनाअखेरीस माझ्यासमोर वाचतात,” त्या म्हणाल्या. “मला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं.”

“मग काय करू? कुठंतरी गळती आहे, ती शोधायला नको?” ते म्हणाले. थोडे थांबून, आवाज खाली आणून त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले. “भाडं मिळकतीच्या तीस टक्क्यांच्या आत असावं, असं सगळीकडे वाचतो. आमचं तेवढ्यात कधीच बसलं नाही. म्हणजे माझंच नियोजन चुकतंय ना?”

हा तीस टक्क्यांचा आकडा माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांच्या मानगुटीवर बसलेला असतो, म्हणून त्याची हकिगत मी सविस्तर सांगते, त्यांनाही सांगितली. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांमधील भाडेकरूंना संरक्षण मिळावे म्हणून त्यांचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक असू नये, अशी कायदेशीर मर्यादा घालण्यात आली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेण्यात आली. जो आकडा भाडे आकारणाऱ्या सरकारी यंत्रणेला आवर घालण्यासाठी होता, तोच आज खुल्या बाजारातल्या भाडेकरूने स्वतःची लायकी मोजण्यासाठी वापरावा, यासारखा अन्याय नाही. त्याहून जुनी एक नोंद आहे. १८६८ मध्ये हेरमान श्वाबे या संख्याशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या कुटुंबांच्या आकड्यांवरून दाखवून दिले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या उत्पन्नातला भाड्याचा वाटा मोठा. अन्नखर्चाबाबत असाच निष्कर्ष अर्न्स्ट एंगेल या दुसऱ्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने त्याआधी, १८५७ मध्ये मांडला होता. म्हणजे ज्या गोष्टीला हे गृहस्थ स्वतःचा नाकर्तेपणा समजत होते, ती दीडशे वर्षांपूर्वीही कमी मिळकतीच्या घरांमध्ये तशीच होती.

ते बराच वेळ गप्प राहिले. “म्हणजे हे सगळ्यांचंच असतं?” एवढेच त्यांनी विचारले.

“सगळ्यांचं नाही. पण तुमच्याएवढी मिळकत असलेल्या फार लोकांचं असतं, आणि ते तुम्हाला सांगत नाहीत, जसं तुम्ही त्यांना सांगत नाही.”

माझी जडणघडण ज्या विचारपद्धतीत झाली, तिचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास घातला. परिस्थिती आणि आपली भावना यांच्यामध्ये आपण लावलेला अर्थ उभा असतो, आणि तो तपासून पाहता येतो, हे त्या विचाराचे सार मी रोजच्या कामात वापरते. त्याचा गैरवापरही होतो, हे मला ठाऊक आहे. उत्पन्न खरोखर अपुरे असलेल्या माणसाला ‘दृष्टिकोन बदला’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. म्हणून अशा घरांसोबत काम करताना मी आधी आकडे कागदावर मांडून घेते आणि अर्थाकडे नंतर वळते.

तिसऱ्या भेटीत आम्ही तेच केले. रकमा बाजूला ठेवून दोघांच्या एकत्रित मिळकतीचे शंभर भाग मानले. शिक्षणाची फी आणि विम्याचा हप्ता यांसारखे वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून महिन्यात धरले. ही एक गोष्ट बहुतेक घरांमध्ये होत नाही आणि त्यामुळे दर वर्षी ठरलेल्या वेळी येणारा खर्चही संकटासारखा अंगावर येतो. मी वहीतले आकडे वाचत गेले आणि पत्नी ते कागदावर लिहीत गेल्या. किराणा आणि इंधन २७, शिक्षण १०, जुन्या कर्जाचा हप्ता ८, प्रवास ९, औषधे ४. ‘वायफळ’ या रकान्यातले सगळे मिळून झाले ३.

“आणि भाडं?” मी विचारले. वहीची पाने मी पुढेमागे चाळली, तर चार वर्षांच्या नोंदींमध्ये भाडे कुठेच नव्हते.

“ते काय लिहायचं? ते तर ठरलेलंच आहे,” पती म्हणाले.

त्यांनी सांगितलेला आकडा मांडला, तर भाडे निघाले ४४ भाग. बेरीज झाली १०५. दर महिन्याला पाच भाग उसनवारीतून येत होते आणि ‘वायफळ’ म्हणून लिहिलेला प्रत्येक खर्च बंद केला असता, तरी बेरीज १०२ च्या खाली येत नव्हती. मी तो कागद दोघांच्या मधोमध सरकवला आणि काही बोलले नाही. अनेक वर्षांच्या सरावाने मला एवढे जमू लागले आहे की अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचे असते.

पत्नीच आधी बोलल्या. “तीन भागांसाठी आपण चार वर्षं भांडतोय. आणि चव्वेचाळीस भागांबद्दल एकदाही बोललो नाही.”

“कारण ते घर तुझ्यासाठी घेतलंय,” पती चटकन म्हणाले. “आईबाबांच्या घरून निघालो, तेव्हा तुला म्हणालो होतो, पुन्हा कधी एका खोलीत राहायला लावणार नाही.”

त्या त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. “अहो, मला एका खोलीचा त्रास नव्हता. तिथं दार लावायची सोय नव्हती, त्याचा त्रास होता. एवढं मोठं घर मी कधी मागितलं? तुम्हाला आवडलंय, म्हणून मी भाड्याचा विषय काढत नव्हते.”

ज्या घराचे भाडे त्यांचा संसार पोखरत होते, ते घर दोघेही एकमेकांच्या आनंदासाठी सांभाळत होते, आणि त्याबद्दल बोलणे म्हणजे समोरच्याचा आनंद हिरावणे, अशी दोघांचीही समजूत होती. पतींच्या मनात भाड्याला ‘मी शब्द पाळला’ असा अर्थ चिकटला होता. मनाला इतका मोलाचा अर्थ असलेली गोष्ट हिशेबाला घ्यायची म्हणजे तो शब्दच हिशेबाला घ्यायचा, म्हणून ती वहीबाहेर राहिली, आणि ‘भागत नाही’ ही सगळी अस्वस्थता रंगपेटीवर आणि वाढदिवसाच्या भेटीवर येऊन पडली. माझ्या कामात हा क्षण मला सर्वांत मौल्यवान वाटतो. तो मी आणलेला नसतो. मी फक्त कागद मधोमध सरकवलेला असतो. पण कोणता कागद आणि कधी, हे मात्र अनुभवानेच कळते, असे मी विनयाला बाधा न आणता म्हणू शकते.

तेव्हापासून भाड्याची चिंता घेऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी विचारते की तुमच्या घराच्या हिशेबात कोणता खर्च लिहिलाच जात नाही. कुणाकडे तो भाड्याचा असतो, कुणाकडे नातेवाइकांना पाठवल्या जाणाऱ्या पैशांचा, तर कुणाकडे मुलांच्या शाळेचा. जो खर्च ‘ठरलेलाच आहे’ असे घरात सगळे म्हणतात, त्याच्याशी कुणाची तरी प्रतिष्ठा किंवा कुणाला तरी दिलेले वचन बांधलेले असण्याची शक्यता मोठी असते.

पुढच्या भेटींमध्ये काम बरेचसे व्यावहारिक होते. पतींना शहराबाहेरचे स्वस्त घर घ्यायचे होते, भाडे एकदम ३२ भागांवर येणार म्हणून. मी भाडे आणि प्रवास एकत्र धरायला सांगितले. दोघांचा प्रवासखर्च १८ भागांवर जात होता, म्हणजे ५३ चे ५० होत होते. एवढ्या बचतीसाठी दोघांचेही रोज दोन-दोन तास जाणार होते आणि तेवढा वेळ मुले एकटी राहणार होती. सध्याच्याच परिसरात एक खोली कमी असलेले घर ३७ भागांत मिळत होते. तिथे गेल्यास प्रवास तोच राहून बेरीज १०५ वरून ९८ वर येत होती. डिपॉझिट, सामान हलवण्याचा खर्च आणि करारातली नोटिशीची मुदत यांचा हिशेब करून त्यांनी शाळेचे वर्ष संपेपर्यंत थांबायचे ठरवले. दरम्यान घरमालकांशी बोलून भाड्याची तारीख पगारानंतर चार दिवसांनी करून घेतली. हे बोलायला पती दोन आठवडे कचरत होते. भाडे थकण्याआधी मागितलेली सवलत आणि थकल्यानंतर मागितलेली सवलत यांच्याकडे घरमालक वेगवेगळ्या नजरेने पाहतो, म्हणून मी आग्रह धरला.

आणखी एक आग्रह मी नेहमी धरते, तो वेळेचा. घराचा मोठा निर्णय महिनाअखेरीस घेऊ नये. ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीच माणसे पीक निघण्यापूर्वी, हातात पैसा नसताना, विचारशक्तीच्या चाचण्यांमध्ये मागे पडलेली आणि पीक निघाल्यावर सुधारलेली दिसली. टंचाईच्या दिवसांत मन त्या टंचाईतच गुंतलेले असते आणि बाकीच्या विचारासाठी थोडेच उरते. म्हणून या जोडप्याने वही उघडण्याचा दिवस महिन्याच्या तीस तारखेवरून पगारानंतरच्या पहिल्या रविवारी आणला, आणि वाचण्याचे काम आळीपाळीने वाटून घेतले. ‘वायफळ’ हे रकान्याचे नाव बदलून ‘आवडीचे’ केले आणि त्याला दरमहा दोन भाग ठरवून दिले. हे दोन भाग कुणालाही न विचारता खर्च करायचे होते.

ज्या घरांमध्ये सगळे लिहूनही बेरीज शंभरावर जाते आणि कमी करण्यासारखे काहीच उरत नाही, तिथे मी हा मार्ग दाखवत नाही. तिथे मिळकत कशी वाढेल, कोणती मदत हक्काने मिळू शकेल, ज्यांचे पैसे देणे आहे त्यांच्यापैकी कुणाशी आधी बोलायचे, हेच काम असते, आणि त्यासाठी अर्थविषयक सल्ला देणाऱ्यांकडे पाठवण्यात मला कमीपणा वाटत नाही. भाडे, अन्न आणि औषधे यांचे पैसे बाकी सगळ्या देण्यांच्या आधी बाजूला काढावेत, आणि भाडे देण्यासाठी चढ्या व्याजाचे कर्ज काढू नये, एवढे मात्र मी सर्वांनाच सांगते.

आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. ते लहान घरात राहायला गेले होते आणि उसनवारी थांबली होती. जुन्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. मी मुलीची चौकशी केली. या वर्षी सहलीचा कागद तिने स्वतः आणून टेबलावर ठेवला, असे तिच्या आईने सांगितले.

“पाठवलंत का?”

“नाही. दोन मुक्कामांची सहल होती, झेपण्यासारखी नव्हती. तिला वही उघडून दाखवली. एक दिवस रुसली होती. मग दुसऱ्या दिवशी विचारत होती, पुढच्या वर्षीसाठी आतापासून दर महिन्याला किती ठेवायचे.”