'पुट ऑफ'चे नेमके अर्थ कोणते? त्याऐवजी कोणते शब्द वापरता येतील?

सगळ्यात जास्त कानावर पडणारा अर्थ म्हणजे पुढे ढकलणे. 'दे पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे' म्हणजे त्यांनी बैठक सोमवारवर ढकलली. औपचारिक लेखनात इथे 'पोस्टपोन' किंवा 'डिफर' शोभतो. 'डिले'सुद्धा चालतो, पण त्यात थोडा फरक आहे: पावसामुळे, गर्दीमुळे नुसता उशीर झाला तरी 'डिले' म्हणतात, 'पुट ऑफ' मात्र कोणीतरी ठरवून करतं. 'कॉल ऑफ'शी तर अजिबात गल्लत करू नका. त्यात कार्यक्रम थेट रद्द होतो, पुढची तारीख मिळत नाही.

दुसरा अर्थ मन उडणे, नकोसं वाटणे. 'द स्मेल पुट मी ऑफ', वासानेच इच्छा मेली. इथे प्रसंगानुसार 'रिपेल', 'डिस्करेज' किंवा 'डिटर' घ्या. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण यातूनच आलंय. ब्रिटिश इंग्रजीत लक्ष विचलित करणे, म्हणजे 'डिस्ट्रॅक्ट', असाही अर्थ आहे.

समानार्थी शब्द पाठ करण्यापेक्षा मला रचना जास्त महत्त्वाची वाटते, कारण खऱ्या चुका तिथेच होतात. सर्वनाम कायम मध्ये येतं: 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. नाम मात्र मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं. पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा: 'ही पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', 'टू गो' नाही. भूतकाळातही रूप 'पुट'च राहतं.